सगळ्यात वरचा ठिपका

प्रिय ठमे,

तुझं पत्र काल दुपारी आलं. तुझं पाकीट दिसलं की मला आधी धस्स होतं, कारण चांगली बातमी तू फोनवर ओरडून सांगतेस आणि वाईट बातमी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवतेस. म्हणून मीही फोन न करता कागदच पुढे ओढलाय. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

तर तुझ्या सरांचं म्हणणं असं, की साठी उलटलेल्या बाईच्या छातीत एवढी हवा मावणं शक्य नाही. तुझ्या प्रबंधातल्या बाकी सगळ्या बायकांचे ठिपके आलेखावर एका रेषेच्या आसपास शहाण्यासारखे बसलेत आणि माझा एकटीचा वर जाऊन बसलाय, तेव्हा ती यंत्राची चूक. एकतर आईला पुन्हा फुंकायला बोलाव, नाहीतर तो ठिपका काढून टाक. आणि खाली तू लिहितेस, 'आई, एकच तर ठिपका आहे. सरांची सही होऊ दे, मग बघू.'

मला पुन्हा येणं जमणार नाही. का ते सांगते, पण आधी माझं भांडण ऐकून घे.

तुमची ती लांबट प्रयोगशाळा मला चांगली आठवते. खिडकीत निथळत ठेवलेल्या काचेच्या नळ्या, टेबलावर पाण्याचं ते पिंप आणि त्यात उपडा घातलेला डबा. तू माझ्या नाकाला चिमटा लावलास, तोंडात नळी दिलीस आणि परक्या बाईला सांगावं तसं म्हणालीस, 'काकू, पूर्ण श्वास घ्या आणि सगळा सोडा.' काकू! मला हसू फुटलं आणि पहिली फुंक वाया गेली. पुढच्या तिन्ही वेळा डबा चढत चढत चार लिटरच्या खुणेला टेकला. तुझी मैत्रीण ओरडली, 'अगं, तुझी आई टाकी फोडणार!' तुझा विश्वास बसेना. तू पाणी बदललंस, नळी बदललीस, स्वतः फुंकून पाहिलंस, तर तुझा आकडा नेहमीचाच आला. मग कुठे माझा आकडा लिहिलास. म्हणजे यंत्र ठीक होतं हे तुला त्याच दिवशी कळलं होतं. सरांना हे सांगितलंस का गं? की ते बोलले आणि तू मान डोलावलीस?

माझ्यात एवढा श्वास का, ते मला ठाऊक नाही. ते शोधणं तुझं काम, मी नुसती फुंकणारी. तुझ्या वाढदिवसाचे फुगे मात्र दरवर्षी माझ्याकडेच असायचे. तुझे बाबा दोन फुग्यांत लालबुंद होऊन आडवे व्हायचे आणि वर मलाच म्हणायचे, 'जरा हळू, छत उडेल.' हल्ली ते माझ्या मागे मागे फिरतात. काल चहाही त्यांनी केला, बिनसाखरेचा, आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिले.

शाळेत मी बँडमध्ये बिगुल वाजवायचे, हे तुला माहीत आहे. ते सुटलं कसं, ते मात्र कधी सांगितलं नाही. तुझ्या आजोबांचं म्हणणं, मुलीच्या जातीनं गाल फुगवून चारचौघांत फुंकायचं नाही. स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. बँड शिकवणाऱ्या नन, सिस्टर, आम्ही त्यांना शिट्टी म्हणायचो, त्यांना रांगेत भोक पडायला नको होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. मी गणवेश घालून उभं राहायचं, बिगुल ओठांना लावायचा, पण आवाज काढायचा नाही. 'नुसतं दिसायचं, बाळ,' त्या म्हणाल्या. आजोबाही कबूल झाले. ठमे, दोन गाणी मी नुसती दिसले. बाजूच्या मुली फुंकत होत्या आणि माझ्या छातीत भरलेली हवा कानांतून बाहेर येईल असं वाटत होतं. तिसऱ्या गाण्याला मी फुंकले. असं फुंकले की पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांनी मान खाली घातली. घरी जेवताना माझ्या आईला म्हणाले, 'कार्टी वाजवते मात्र खणखणीत.' बिगुल दुसऱ्या दिवशी परत गेला तो गेलाच, पण ते एक गाणं माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही.

तुझे सर वाईट असतील असं मी म्हणत नाही. त्यांना रांग सरळ हवी आहे. पण रांग सरळ दिसावी म्हणून खऱ्या बाईला गप्प करायचं, आणि त्याला अभ्यास म्हणायचं? सही उशिरा मिळाली तर मिळू दे. एक वर्ष गेलं तर घरी येऊन राहा, मी पोसीन तुला.

आता मी का येत नाही ते. गेल्या महिन्यात माझा खोकला हटेना, म्हणून बाबांनी मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. उजव्या फुप्फुसात गाठ आहे. येत्या मंगळवारी फुप्फुसाचा खालचा भाग काढणार आहेत. उरलेल्यावर तुम्ही ठणठणीत जगाल, असं डॉक्टर म्हणाले आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तुझा प्रबंध हातावेगळा होईपर्यंत तुला कळवायचं नाही, अशी बाबांनी मला तंबी दिली आहे. मी ती ऐकलेली नाही, हे तुला दिसतंच आहे. तेव्हा यंत्र कितीही नवं आणा, चार लिटर आता पुन्हा भरायचे नाहीत. सर म्हणतील, बाई आजारीच निघाली, वगळायला आयतं कारण मिळालं. तर तेही लिही, खाली तळटीप देऊन लिही, काही लपवू नकोस. पण त्या दिवशी तुझ्या डोळ्यांदेखत मी एवढा श्वास सोडला, तो तिथे राहू दे. डॉक्टर जे काढणार आहेत, त्याच्या कागदावर मी सही केली आहे. तुझ्या आलेखातून मला काढायला माझी सही नाही.

तुझीच,
आई