दोन बोटं वर

अण्णा, आज कळमनुरीत एका कमानीचा लाकडी फर्मा मी नकाशापेक्षा दोन बोटं वर बसवून घेतला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण हे तुम्हालाच सांगण्यासारखं आहे.

डिप्लोमाच्या वर्षांत मी कमानींच्या गोलाईची नावं मोठ्यानं पाठ करायचे आणि तुम्ही चुलीपाशी जेवता जेवता ऐकायचात. मी सेगमेंटल म्हटलं की तुम्ही म्हणायचात, ही आपली सुपाची पाठ. ओजी म्हटलं की, बगळ्याची मान. परीक्षेत असलं चालत नाही, असं मी सांगायचे. तुमच्याकडे अशी पुष्कळ नावं होती. मला ही दोनच आठवतात.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी त्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या बांधकामावर तुमचा डबा घेऊन आले होते. दाराच्या कमानीचा फर्मा उभा होता, विटा चढायच्या होत्या. कुणी सांगितलेलं नसताना मी टेप लावते, आणि मालकासमोर म्हणते की उंची नकाशापेक्षा दीड इंच जास्त आहे.

"कमान खाली बसती, माय. दोन बोटं वर ठेवावं लागतंय," तुम्ही हळूच म्हणालात.

"नकाशात तसं नाही," मी म्हणाले.

मालक हसला. "मिस्त्री, लेक शिकून राहिली तुमची. आता तिचं ऐका."

तुम्ही रंधा मागवलात आणि फर्मा तासून नकाशाएवढा केलात. पुढं फर्मा काढल्यावर कमान बसली. मधोमध दबलेली, खालून पोट सुटल्यासारखी. लोकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माझंच चुकलं. त्यानंतर तुम्हाला भिंती मिळाल्या, गिलावा मिळाला. कमान कुणी दिली नाही.

ही दोन बोटं का सोडतात, ते मला तिसऱ्या वर्षी पुस्तकात सापडलं. तेव्हा तुम्ही होतात. मी सुट्टीला घरी आले, आठ दिवस तुमच्यासमोर जेवले, आणि त्याविषयी बोलले नाही. एका वाक्याचं काम होतं. पुढच्या सुट्टीआधी तुम्ही गेलात.

हा कागद मी नकाशांच्या नळीत घालून ठेवणार आहे. एकच राहिलं. आज कंत्राटदारानं विचारलं, मॅडम, हे वर ठेवायचं कुणी शिकवलं तुम्हाला? पुस्तकात आहे, मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण ते पुस्तक उघडायच्या वर्षभर आधी मी ते ऐकलं होतं, आणि आजही तसं सांगितलं नाही.