शाळेच्या अंगणातली खाडी

धोंडगाळी, तालुका खानापूर
२२ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप भरमू दाजी यांस,

मष्णूचा कोरडी जागा बघून घातलेला साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी सोडून सर्व खुशाल. आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमच्या ट्रकचा क्लच बदलून झाला का? तुम्ही कोबी आणि मिरची भरून अनमोडचा घाट उतरू लागलात की आक्का देवापुढे दिवा लावून बसते आणि तुम्ही तिला हसता. मी हसत नाही. आमच्या घरात जमीन थोरल्या भावांनी वाटून घेतली आणि भीती आक्काच्या आणि माझ्या वाट्याला आली, त्यातलाही मोठा हिस्सा माझा.

माझं आणि पाण्याचं कसं आहे हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही माझ्या पाठीला सुका भोपळा बांधून मला विहिरीत ढकललंत. भोपळा लगेच वर आला. मी जरा विचार करून आलो. (त्यानंतर कितीतरी वेळ माझ्या तोंडातून पाणीच निघत होतं.) तो भोपळा तुम्ही अजून माळ्यावर टांगून ठेवला आहे आणि आल्यागेल्याला दाखवून माझी गोष्ट सांगता, हे आक्काकडून कळतं. मी मनाला लावून घेतलेलं नाही. पण तेव्हापासून ओढ्याला घोट्याएवढं पाणी असलं तरी मी पुलावरून जातो आणि अंघोळीला बादलीपेक्षा तांब्या बरा समजतो.

अशा माणसाच्या नशिबी आता खाडी आली आहे. दिवाळीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात बसच्या टपावरून एक लाकडी पेटी आली. डोंगरावरच्या शाळांना वरून आलेलं हे पर्यावरण शिक्षणाचं साहित्य, विषय ‘नदी, तिचं पाणलोट क्षेत्र आणि खाडी’. आमचं गाव माथ्यावर आहे. शाळेच्या कौलांच्या एका उतारावरचं पाणी मलप्रभेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जातं आणि दुसऱ्या उतारावरचं म्हादईतून गोव्याच्या खाडीला. तेव्हा डोक्यावर बसलेल्यांना पायाशी काय चाललंय ते कळावं, असा वरच्या साहेबांचा विचार. पेटीत कानडी नावं लिहिलेले तक्ते होते, शिंपल्यांची पिशवी होती, पुठ्ठ्याचा एक खेकडा होता आणि ‘समुद्राचं पाणी’ अशी चिठ्ठी लावलेली रिकामी बाटली होती. (आमच्या आधीच्या कुठल्या तरी शाळेनं चव घेऊन बघितली असावी.) हेडमास्तर कल्लाप्पा गुरुजींनी पेटी उघडली, पुन्हा झाकली आणि माझ्याकडे सरकवली. कारण काय, तर माझे दाजी गोव्याला जातात. म्हणजे तुम्ही खाडीवरून ट्रक नेता म्हणून मला खाडी शिकवता येते. या हिशेबानं आक्काला घाटात ट्रक चालवता यायला हवा.

पेटीबरोबर शिक्षकांसाठी एक पुस्तक होतं. इन्स्पेक्टर साहेब स्वतः पाठ बघायला येणार, असं त्यात घातलेल्या कागदावर लिहिलं होतं. पाठ वाईट झाला तर शिक्षकाच्या बदलीचा विचार होईल. पाठ चांगला झाला तर मुलांना प्रत्यक्ष खाडी दाखवायला न्यायचं, होडीत बसवायचं आणि शिक्षकानं सोबत बसायचं. दाजी, मी तो कागद घरी आमच्या मंडळींना, राजाबाईला वाचून दाखवला आणि ‘होडी’ या शब्दाशी माझा आवाज बसला. ती तांदूळ निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, “किती खोल असतंय वो?” पुस्तकात खोली दिलेली नव्हती. मी म्हणालो, “लई.” ती पुन्हा तांदूळ निवडू लागली आणि मलाही तो विषय वाढवायचा नव्हता.

तेव्हाच मी ठरवलं की पाठ चांगलाही होऊ द्यायचा नाही आणि वाईटही होऊ द्यायचा नाही. मध्यम पाठ द्यायचा. बदली टळेल आणि होडीही. तुम्हाला हे सोपं वाटेल, पण मध्यम काम करायला फार कसब लागतं. वाईट आपोआप होतं, चांगलं चुकून होतं, मध्यमावर मात्र सारखी नजर ठेवावी लागते.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मुलांकडून अंगणात मातीची नदी करून घेतली. विहिरीकडच्या बाजूला डोंगर, डोंगरावर खोक्यांच्या घरांची धोंडगाळी, तिथून वळणं घेत खाली येणारी नदी आणि झेंड्याच्या खांबापाशी खोलगट खाडी. खाडीत पुठ्ठ्याचा खेकडा आणि खारफुटी म्हणून खोवलेल्या करवंदीच्या फांद्या. भरती दाखवायला शिपाई शामूनं खालच्या टोकाला मिठाच्या पाण्याचं घमेलं घेऊन बसायचं आणि मी खूण केली की ते हळूहळू कलतं करायचं. पाठाचा मुख्य भाग म्हणजे वरच्या गावातून शेणपाणी आणि निळी शाई ओतायची, म्हणजे वर टाकलेली घाण खालच्या खेकड्यापर्यंत कशी पोचते हे मुलांना दिसतं. डोंगरावर घागर ओतून बघितली तर पाणी न अडता खाडीत गेलं. मुलं नाचली, मी नाही. नदी मध्यमापेक्षा बरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येतो तर खाडीच्या काठावर नारळ, हिरवा खण, बांगड्या आणि मूठभर तांदूळ. कुणीतरी नदीची ओटी भरली होती. तुम्हाला माहीतच आहे, आमच्या बायका श्रावणात ओटी भरायला उगमापर्यंत डोंगर तुडवत जातात. इथं उगम, नदी आणि समुद्र सगळं शाळेच्या अंगणात, शिवाय मारुतीच्या देवळापेक्षा जवळ. एकीनं भरली म्हटल्यावर दुसरी कशी मागे राहील? दुपारपर्यंत शेवंताबाईनं आपल्या आळीतल्या सगळ्या बायका आणल्या. तानीबाई नातवंडाला कडेवर घेऊन आली. खेकड्याच्या पाठीला हळदीकुंकू लागलं. हेडमास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण रांगेत त्यांच्या घरचं माणूस उभं होतं. संध्याकाळपर्यंत अंगणात चप्पल घालून यायला बंदी झाली आणि मी स्वतःच्या शाळेत अनवाणी तास घेऊ लागलो.

आता माझी अवस्था बघा. शेणपाणी ओतलं तर गावच्या बायका मला उभा सोडत नाहीत. नाही ओतलं तर पाठ अपुरा आणि बदली नक्की. शिवाय खरं सांगतो, तुम्ही हसाल, पण मलाच भीती वाटू लागली होती. माती आपण आणली, खड्डा आपण खणला, हे मला कळत होतं. तरी एकदा ओटी भरली की ती बाई झाली, आणि तिच्या अंगावर शाई टाकायला माझा हात उचलेना. मी शेवंताबाईच्या घरी जाऊन पाठापुरती परवानगी मागितली. तिनं मला चहा पाजला आणि परवानगी दिली नाही.

काल साहेब जीपमधून आले. माणूस धारवाडकडचा, मोठा देह, आवाज त्याहून मोठा. शेवंताबाईनं त्यांनाही चप्पल काढायला लावली. त्यांनी मुकाट्यानं काढली आणि झेंड्याच्या खांबापाशी, म्हणजे बरोबर समुद्रात, ठेवली. बायका नदीच्या दोन्ही काठांनी बसल्या होत्या. मी पाठ सुरू केला. कौलांचे दोन उतार सांगितले, पाणलोट क्षेत्र सांगितलं, घागर ओतली. इथवर सगळं अगदी मध्यम चाललं होतं. मग शेणपाण्याचा डबा उचलला आणि शेवंताबाईनं उठून माझं मनगट धरलं.

“गुरुजी, ओटी भरलीया तिची. तिच्या अंगावर शेण टाकता व्हय?”

साहेबांनी विचारलं, का थांबलात. मी मराठी, कानडी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सांगू लागलो आणि एकीतही वाक्य पुरं झालं नाही. तेव्हा साहेब थेट शेवंताबाईला म्हणाले, बाई, इथं नको तर मग कुठं टाकायचं? तिनं नदी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. वरनं टाकलं की खाली जातं असं गुरुजीच म्हणाले, मग आमच्या गावाकडनं कशाला, खालनं गोव्याकडनं टाका, असा तिनं निवाडा दिला. सगळ्या बायकांना तो पटला. साहेब म्हणाले, अहो, खालीही माणसं राहतात की. मग तानीबाई नातवंडाला थोपटत म्हणाली, “तर मग कुठनंच नगं टाकाया.”

दाजी, हेच वाक्य पुस्तकात अगदी शेवटी होतं आणि तिथवर न पोचण्याची मी सगळी तयारी केली होती. साहेबांनी माझ्याकडे असं काही कौतुकानं बघितलं की मला समोर होडी दिसू लागली. घाबरून मी घाम पुसायला हात वर केला आणि शामूला ती भरतीची खूण वाटली. (खूण हळू करायची ठरली होती, माझा हात जोरात गेला.) त्यानं घमेलं एका दमात उपडं केलं. समुद्र उलटा फिरला. नारळ, तांदूळ, खण आणि साहेबांची उजवी चप्पल हे सगळं नदीतून वर चढलं. चप्पल गोवा ओलांडून पार घाटाखालपर्यंत गेली आणि तिथं आधीच वाहून आलेल्या खेकड्याला अडून राहिली. मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, चला, पाठ बिघडला, आला मध्यमावर. साहेबांनी चप्पल उचलली, आत अडकलेली बांगडी काढून अदबीनं काठावर ठेवली आणि म्हणाले, “भाळ चलो ऐति.” म्हणजे फार छान झालं. भरतीचं पाणी नदीत किती आत शिरतं ते आपल्याला आज पहिल्यांदा पटलं, असंही म्हणाले आणि जीपच्या बॉनेटवरच हुकूम लिहून दिला. पुढच्या महिन्यात मुलांना पणजीला न्यायचं, म्हादईच्या, म्हणजे तिकडच्या मांडवीच्या, खाडीत होडीत बसवायचं, जबाबदारी मष्णू गुरुजींची.

तेव्हा पत्राचं कारण एवढंच, की पुढच्या खेपेला तिकडून खाडीच्या पाण्याची एक बाटली, मूठभर चिखल आणि खारफुटीची एखादी फांदी घेऊन या. पेटीतली बाटली रिकामी आहे आणि करवंदी सुकली आहे. दुसरं काही मागणं नाही. आक्काला सांगा, मी मजेत आहे.

आपला, सध्या तरी जमिनीवर असलेला,
मष्णू

ता. क. मागणं आहे. सहलीच्या आदल्या दिवशी बेळगावहून मला एक तार करावी. ‘आक्का अत्यवस्थ, ताबडतोब निघा.’ आक्काची परवानगी घ्यायला विसरू नका. मुलांना हेडमास्तर नेतील. त्यांना पोहता येतं, असं ते वरचेवर सांगतात.

ता. क. २. तार करू नका. राजाबाईनं तिकीट चिकटवायला पाकीट घेतलं आणि पत्र वाचलं. तारेच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. फक्त म्हणाली, “पहिली ओटी माझी हुती.” मी कागद वाचून दाखवला आणि माझा आवाज बसला, तेव्हाच तिनं मनाशी धरलं होतं. गोव्याच्या खाडीपर्यंत तिला एकटीला कोण नेणार, म्हणून अंगणातली तयार झाल्याबरोबर तिचीच भरली, माझं माणूस तुझ्या अंगावर येतंय, सांभाळून परत दे म्हणून. आता तिनं असं सांगून ठेवल्यावर मी न जाऊन कसं चालेल? जातो. भीती आहे तशीच आहे, उलट थोडी वाढली आहे. तुम्ही त्या दिवशी कोबी दुसऱ्याच्या ट्रकमध्ये घाला आणि होडीत माझ्या शेजारी बसा. माळ्यावरचा तो भोपळा काढून दोरीसकट आणा आणि माझ्या पाठीला तुम्हीच बांधा. या खेपेला ढकलू नका. मुलांनी विचारलं तर सांगू, हेही पेटीतलंच साहित्य आहे.

ता. क. ३. राजाबाई म्हणते, ओटी भरली ते ठीक, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही, तेव्हा तीही होडीत येणार. तिलाही पोहता येत नाही. भोपळे दोन आणा.