माझ्या पलंगावरची बाई

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईने त्या पुलाखालच्या बाईंना माझी खोली दिली, हे तू किती सहज लिहिलंस! मी नोकरीसाठी घर सोडलं, घराने मला सोडलं नव्हतं ना? वर आई त्यांच्याकडून केस विंचरून घेते म्हणे. मी फणी उचलली की माझा हात जड आहे म्हणायची! दया करायची तर पांघरूण द्यावं, माझा पलंग कशाला? त्यांना दुसरीकडे पाठव. हो, जळते मी. जळकुकडी म्हण हवं तर.

तुझ्या रागावण्यालाही आसुसलेली,
धाकटी

११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

जळकुकडे, तुझा धूर इथवर पोचला. आईचे डोळे अधू झाल्यापासून पत्रं त्या बाईच वाचून दाखवतात. मी लाँड्रीत कामावर होते. पाकीट माझ्या नावाचं, पण आईला कुठला धीर! बाईंनी एक शब्द गाळला नाही. मग तुझी चादर धुऊन वाळत घातली आणि पुलाखाली परत गेल्या.

हवामान बदलतंय म्हणजे उकाडा वाढणार, एवढंच आपण धरून बसलो होतो. इथे थंडी पिसाळली आहे. नळात पाणी गोठलेलं आईनेही जन्मात पाहिलं नव्हतं. ऋतू बिघडवले चार भिंतींत राहणाऱ्यांनी आणि शिक्षा भोगतात भिंत नसलेले! परवा पुलाखालचा एक हमाल सकाळी उठलाच नाही. जन्मभर दुसऱ्यांचं सामान घरपोच केलं त्याने.

बाईंना मी दोनदा आणायला गेले. आईसुद्धा काठी टेकत आली. पण लेकीच्या जागेवर तिच्या मर्जीशिवाय निजणार नाही, असं बाई म्हणतात. हट्टात तुझ्या वरचढ! आता शब्द तुझा. उत्तर कुरिअरने धाड.

माया आहेच, या वेळी रागही आहे.
ताई

१३ जानेवारी

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ताई तुमच्या हातात देईल. मागचं तुम्ही वाचणार हे ठाऊक असतं, तर मी गोड लिहिलं असतं आणि ते खोटं असतं. मला तुमचा हेवा वाटतो. आजही. माझ्यासाठी आईने कधी असा रस्ता तुडवला नाही.

पण वाचून होताच उठा आणि घरी जा. माझ्या पलंगावर निजा. महिनाअखेरीस मी येतेय, तेव्हा भांडायला तुम्ही समोर हव्यात. मेलेल्या माणसाचा हेवा करता येत नाही, बाई. त्याचं नुसतं ओझं होतं.

भांडणापुरता तरी लोभ ठेवा.
धाकटी