प्रार्थनेचा मान

ता. ४ जुलै

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. तुमची लेक हेडमास्तरीण झाल्यापासून घरात चहासुद्धा घंटेवर मिळतो, असं हे म्हणतात. पण एक काळजी आहे. शाळेतल्या सर्वांत जुन्या, गणिताच्या सरांनी राजीनामा दिलाय. खुर्ची हिला मिळाली म्हणून ते रुसले, असं सगळे म्हणतात. कमिटीवाले तर टपलेलेच. पुढच्या शुक्रवारपर्यंत मंजूर करा म्हणतात. मग दहावीला गणित शिकवणार कोण? मीही म्हटलं, करून टाक सही, डोक्याला ताप नको. तर म्हणते, त्यांना खुर्ची नकोय, काय हवंय ते मला अजून कळलं नाही. आणि रोज त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते! तुम्हीच समजवा. कार्डावर जागा संपली.

माया आहेच, ती राहू द्यावी.
तुमची विहीण

ता. ८ जुलै

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

कडेकडेनं लिहिलेलं तुमचं कार्ड वाचताना मान अवघडली. पुढच्या वेळी दोन कार्डं घ्या, पैसे मी देईन. लेकीला समजवणार नाही. लहानपणी भाऊ रुसला की ती त्याची मनधरणी करत नसे, नुसती शेजारी जाऊन बसे. मग तोच बोलू लागे. बसू द्या तिला बाकावर.

लोभ धरावा.
आपली विहीण

ता. १२ जुलै, शुक्रवार

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

तुमचंच खरं झालं. ही डबा विसरली म्हणून मी सकाळी शाळेत गेले, तर मैदानावर मुलं प्रार्थनेला उभी. हिला काल उमगलं होतं. सर अजूनही सगळ्यांच्या आधी येतात, मागे टाकीजवळ उभे राहतात आणि प्रार्थना सुरू होताना घसा खाकरतात. इतकी वर्षं प्रार्थना तेच सांगत. पहिल्याच दिवशी हिनं न विचारता माईक हातात घेतला होता.

आज कमिटीवाल्यांसमोर, सगळ्या पोरांदेखत ही म्हणाली, "सर, माझं चुकलं. ही जागा तुमची आहे."

सर जागचे हलेनात. मग सावकाश पुढे आले, माईकसमोर घसा खाकरला, आणि अख्ख्या शाळेनं हात जोडले. मीही जोडले, डबा काखेत धरून.

राजीनामा त्यांनी परत मागून घेतला. कागदाची मागची बाजू कोरी होती म्हणे, तिच्यावर उद्याचा सुविचार लिहिलाय. सर मला फार पटले. सून तर कधीचीच पटली आहे, तिला सांगायचं मात्र राहिलं होतं. ते आज सांगितलं.

असाच जिव्हाळा असू द्यावा.
तुमची विहीण