फ्लॉपीला लावलेलं कुंकू

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग अजून धडधाकट आहे. माणूस गेलं की सगळं विसरावं म्हणतात. मी नाही विसरत.

मुलुंडच्या कॉम्प्युटर क्लासात मी गेले तेव्हा मला बटण दाबायचीही भीती वाटायची. एसीची खोली, चपला दाराबाहेर, आत दोनच मशीन. पहिल्या दिवशी मी एका अक्षरावर बोट ठेवून बसले आणि पडदाभर तेच अक्षर धावत सुटलं. मशीनवर पाळी क्वचित यायची, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या मागे कीबोर्ड काढून मी घरी बोटं बसवायचे. एवढी मरमर कशासाठी, तुम्हाला ठाऊक होतं. परीक्षा पास झाले तर अंधेरीच्या एका ऑफिसात ऑपरेटरची नोकरी, नाहीतर मे महिन्यात तुम्ही ठरवलेलं लग्न.

दसऱ्याला तुम्ही नेहमीसारखी तुमची हत्यारं पाटावर मांडलीत. मी आपट्याची पानं आणायला खाली गेले होते. येऊन बघते तर पाने-पकडींच्या शेजारी क्लासची फ्लॉपी, कव्हरातून काढलेली, आणि तिच्या मधल्या उघड्या चकतीवर ओलं हळदकुंकू. मी किंचाळलेच. तुम्ही शांतपणे म्हणालात, "विद्याच मा ती? पाटीक लावतंव, मगे हेका नको?" मी ओढणीने पुसलं. वरवर तरी साफ दिसलं, आणि त्याहून जास्त मला तरी कुठे कळत होतं!

परीक्षेच्या दिवशी मशीन करकरलं आणि बंद पडलं. सरांनी फ्लॉपी ओढून काढली तर त्यांच्या बोटाला लाल लागलं. तुम्हाला बोलावणं गेलं. कारखान्याच्या कपड्यांत, अनवाणी, हात जोडून तुम्ही उभे. "काय ओ, मशीन आहे का देवघर? कोणी लावलं हे?" सर ओरडले. मी तुमच्याकडे बघत राहिले. सांगायला तुम्ही हवं होतं. तुम्ही म्हणालात, "साहेब, पोरगी खुळी आहे. हिला काय समजतं मशीनमधलं?" सगळा क्लास हसला. आणि बाबा, तुम्हीही हसलात. ते मला अजून झोंबतं.

मे महिन्यात लग्न झालं. माझ्या हातावरचे वळ बघून तुम्ही "जरा सांभाळून घे" एवढंच म्हणालात. पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमचं सगळं मीच केलं, वेळच्या वेळी केलं, पण एक शब्द बोलले नाही. तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचात. मला बरं वाटायचं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. भांडी घासताना कधीकधी मी तुम्हाला पुन्हा त्या गार खोलीत उभं करते आणि तुमच्याकडून वदवून घेते, "साहेब, कुंकू मी लावलं." बस, एवढंच. तेवढ्यावर मी तुम्हाला माफ करून टाकते, बाबा. दर वेळी.