टिबुकली बुडी मारते तेव्हा

३ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रेशर वाढलंय. रोज चाला जरा, नाहीतर एक दिवस तुमचाच एक्स-रे काढावा लागेल." आणि स्वतःच हसल्या. मला नाही आलं हसू. आई गेल्यापासून घरी जाऊन करायचं काय, हा खरा प्रश्न आहे — आणि त्यावर गोळी निघालेली नाही.

दिवसभर एक्स-रेच्या खोलीत माझ्या तोंडून काय निघतं? छाती टेकवा. श्वास घ्या. धरा. सोडा. संपलं! घरी तर तेवढंही नाही. काल भाजीवाल्यानं पिशवी पुढे केली तर सवयीनं म्हणाले, "धरा... सोडा." तो बघतच राहिला बिचारा.

५ मार्च

हॉस्पिटलच्या मागे तळं आहे. इतकी वर्षं इथे काम करते आणि कधी फिरकले नव्हते.

पाण्यात एक पक्षी. एवढासा, तपकिरी, शेपटीचा पत्ताच नाही. पोहता पोहता — गडप! मी बघतेय, बघतेय, आणि हा भलतीकडेच वर आला. एकदम मोकळं वाटलं मला. मग लक्षात आलं, त्याच्याबरोबर मीही श्वास धरला होता! आजवर दुसऱ्यांनाच धरायला लावला.

आणि तेवढ्या वेळात डोक्यात काही नव्हतं. आईची रिकामी खाट नाही, काही नाही.

६ मार्च

परत गेले. परत धरला.

९ मार्च

तळ्याकाठच्या माझ्या बाकावर आज एक म्हातारा! गळ्यात दुर्बीण, शेजारी थर्मास, पाय पसरून असा बसलेला, जणू तळं त्याच्या नावावर आहे. मी उभी राहिले तर म्हणतो, "ती टिबुकली बरं का, ताई." विचारलं होतं का मी? शाळेची बस चालवायचा म्हणे. "जन्मभर पोरांचा कालवा ऐकला. आता जे बोलत नाही ते बघतो." मग इतकं बोलतो कशाला! मी दुसऱ्या टोकाला बसले.

१४ मार्च

बाकावरच्या त्या काकांनी आज घरटं दाखवलं. मला तो शेवाळाचा ढीग वाटत होता. आत अंडी आहेत. टिबुकली उठली, चोचीनं भराभर अंड्यांवर ओलं गवत ओढलं, मगच पाण्यात उतरली. काका म्हणाले, "बघा, पोरांवर पांघरूण घालून बाई बाजाराला निघाली." मी मोठ्यांदा हसले. माझाच आवाज ओळखू येईना.

बायको गेली त्यांची. मुलगा फार लांब. दर रविवारी फोन. "तू बरा, मी बरा, ठेवू का मग — झाला फोन." एवढंच बोलले आणि दुर्बीण माझ्याकडे सरकवली. पुढे आळीपाळीनं दुर्बिणीतून बघत बसलो. आईजवळ मी अशी बसायचे. आईनंतर आज पहिल्यांदाच कोणाजवळ तरी तशी बसले.

२१ मार्च

काका सारखे खोकत होते. "तळ्याची हवा," म्हणे. "तळ्याला कशाला नावं ठेवता? उद्याच्या उद्या दाखवून घ्या!" असं खडसावलं की गुपचूप हो म्हणाले. कोणावर तरी ओरडायला मिळालं. घरी येताना फार बरं वाटत होतं.

२४ मार्च

आज काका माझ्या खोलीत. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, केस पाणी लावून विंचरलेले! "रोज तळ्यावर भेटतो, म्हटलं आज तुमचं दुकान बघू." मी छाती टेकवायला लावली. घ्या. धरा. बटण दाबलं, पडद्यावर फोटो आला.

उजवीकडे, वरच्या बाजूला पांढरा डाग. असे मी नेहमी बघते. ते कोणाचे तरी असतात.

सोडा म्हणायलाच विसरले. काचेपलीकडून काकांचा आवाज आला, "ताई, सोडू का आता? मी काही टिबुकली नाही!" खोकत खोकत हसत होते. मग वळून माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हसणं थांबलं. आम्ही पेशंटला काही सांगायचं नसतं, तो नियमच आहे. "डॉक्टर सांगतील," मी म्हणाले. शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागला.

२५ मार्च

तळ्यावर गेले नाही.

२६ मार्च

नाही गेले. भित्री कुठली!

२८ मार्च

एक माणूस मिळालं होतं. एकच! तेही बघवलं नाही का कोणाला? आज भांडी आपटली, दाराला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

३१ मार्च

गेले शेवटी. काका होते. बाकाची माझी बाजू रिकामी ठेवून बसले होते.

पिल्लं निघालीत! अंगावर पट्टे, आईच्या पाठीवर स्वार. ती बुडाली की पाण्यावर तरंगतात, वर आली की परत चढायची धडपड. बराच वेळ बघितल्यावर काका म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं हो. पण त्यांच्याआधी तुमच्या तोंडावर छापून आलं होतं." मला रडू फुटलं. चांगली हमसून हमसून रडले. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तो निवेपर्यंत धरून बसले.

मुलाला कळवलेलं नाही. "इतक्या लांब उगाच त्याच्या जिवाला घोर. परवा मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन येतो, मग बघू. तुम्ही इथे पिल्लांवर लक्ष ठेवा." बरं म्हणाले मी.

टिबुकली बुडाली तेव्हा मी श्वास धरला. काकांनीही धरून बघितला. खोकला आला.

२ एप्रिल

रजा टाकली. मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर काका एकटेच, फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून रागावलेच, "पिल्लांकडे कोण आहे?" मी शेजारी बसले. नर्स बाहेर आली. "आजोबा, घरचं कोणी आलंय का बरोबर?" काकांनी नाही म्हणायला मान हलवली.

"आलेय," मी म्हणाले.