एका म्हाळाची दोन पानं

मामंजी, मला लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मी बोलते आणि थोरल्याची पोर लिहिते. मधेमधे हसते, ते सोडून बाकी सगळं लिही म्हटलंय तिला. तुम्ही गेलात तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता. आता तिथं काचेचा टॉवर उभा आहे आणि तुमचा थोरला नातू त्याच्या गेटवर निळा शर्ट घालून बसतो. ह्या वर्षी पितृपक्षात तुमचा म्हाळ दोनदा घातला. एकाच दिवशी, एकाच गच्चीवर, दोन पानं. पितरांना एवढं जेवण कधी मिळालं नसेल, पण मला त्या दिवसापासून घास उतरत नाही. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी घोडपदेवच्या ह्या खोलीत सून होऊन आले तेव्हा चाळीत पक्ष म्हणजे तुम्हीच होतात. नळावरचं भांडण असो, कुणाच्या पोराला शाळेत घालायचं असो, कुणा अवघडलेलीला हॉस्पिटलात न्यायचं असो, हाक तुम्हालाच. पहिल्यांदा मत द्यायची वेळ आली आणि मला अक्षर येईना, तेव्हा तुम्ही चुलीशी पाट घेऊन बसलात. बटाटा कापून शिक्का केलात, कुंकवाच्या पाण्यात बुडवलात, आणि पेपरावर कोळशानं ओळीनं निशाण्या काढल्यात. तुमचा हात असा, की बैल कुठला नि सायकल कुठली ते विचारावं लागत होतं. पण आपली निशाणी मात्र सुबक काढलीत. ती कुठली हे इथं लिहायचं नाही, पोरगी म्हणते उगाच वाद होतील. मजल्यावरच्या सगळ्या बायका ओळीनं येऊन शिक्का मारून गेल्या आणि संध्याकाळी त्याच बटाट्याची मी भाजी केली. लालभडक झाली होती. तुम्ही मुकाट जेवलात. एकदा मी धीर करून म्हटलं, उमेदवार तर जिन्यात पिऊन पडलेला असतो, त्याला मत कसं द्यायचं? तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. म्हणालात, "माणसाकडे बघायचं नाही. माणूस आज आहे, उद्या फुटेल. निशाणी फुटत नाही." मी मान हलवली. पुढं जन्मभर माणसाकडे बघितलं नाही, तुमची शपथ.

आता ऐका काय झालं ते. पक्षच मधोमध फुटला. का फुटला ते वरच्यांना ठाऊक. निशाणी एकाकडे गेली, दुसऱ्यानं नवी घेतली. थोरला म्हणाला, आपण जुन्या साहेबांबरोबर, नवी निशाणी तर नवी निशाणी. धाकटा मंडप बांधतो, त्याला कामं पक्षाकडूनच मिळतात. तो निशाणीबरोबर गेला. म्हणाला, आजोबांनी हेच शिकवलंय. तुमचं नाव दोघंही घेतात, मामंजी, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. दोघांच्या खोल्या समोरासमोर, मधे गॅलरी. आधी ताटल्या इकडून तिकडे जायच्या, आता फक्त मी जाते. सकाळी थोरल्याकडे, रात्री धाकट्याकडे. मी म्हणे सगळ्यांना धरून ठेवलंय. मी काय धरलंय, मी फक्त दोन वेळा जेवते.

वरचे लोक बघावे तर कसे आहेत. दादरला कुणाच्या तरी लग्नात दोन्हीकडचे पुढारी शेजारी बसून जेवत होते, एकमेकांना जिलेबी वाढत होते. पोरीनं मोबाइलवर दाखवलं. मी थोरल्याला म्हटलं, बघ, तुमचे साहेब कसे गोड खातायत. तो म्हणाला, ते राजकारण आहे आये, तुला नाही कळायचं. त्याच दिवशी मी कुळीथ निवडत बसले होते आणि तो बायकोला सांगत होता. मी ऐकते हे त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे.

"आयेला नेताना तो खांद्याला असेल, तर मी गॅलरीतनंच हात जोडीन."

मी तिथूनच ओरडले, "अरे, चार लागतात. दोन तुझ्याकडचे घे, दोन त्याच्याकडचे घे. आघाडी करा माझ्यापुरती."

कुणी हसलं नाही. मग मीच हसले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मरायचं भय नाही हो मला. पण आपण दारात पडून आहोत आणि बाहेर पोरं जागावाटप करतायत, हे डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून मी म्हाळाची वाट बघत होते. म्हटलं, निदान तुमच्यापुढं तरी एकत्र बसतील. तर दोन घरांत दोन गॅस पेटले. दोन्हीकडे वडे, दोन्हीकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं, दोन्हीकडे खीर. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या अल्याड एक पान, पल्याड एक. मधे मी, जशी काय मतदान केंद्रावरची बाई. कावळा आला, डिशच्या छत्रीवर बसला. दोघंही काव काव करायला लागले, पण एकमेकांकडे बघेनात. कावळा पंख खाजवत बसला. तुम्हाला माहीत आहे, कावळा शिवला नाही की गेलेल्याला शब्द द्यायचा, त्याच्या मनात राहिलेलं बोलायचं. थोरल्यानं हात जोडले, "आजोबा, मी साहेबांना सोडलेलं नाही." धाकटा म्हणाला, "आजोबा, निशाणी माझ्याकडे सुखरूप आहे." कावळा उडून समोरच्या चाळीवर गेला.

तुमच्या मनात काय राहिलं असेल ते मला ठाऊक होतं. ह्या दोघांना दोन मांड्यांवर घेऊन एका ताटलीतून भरवायचात तुम्ही. पण मी बोलले नाही. वाटलं, ह्यांना आपणहून सुचू दे. सुचायच्या आधी दोघांचे फोन वाजले. कसल्या कसल्या मीटिंगा. "आये, तू बघ गो," म्हणून दोघंही निघून गेले, एक ह्या जिन्यानं, एक त्या. मी उन्हात बसून राहिले. कावळा काही फिरला नाही. कबुतरं मात्र थव्यानं आली, ह्या पानावरचं खाल्लं, त्या पानावरचं खाल्लं, आणि खीर सांडून गेली. त्यांना काय, कुणाचंही चालतं.

खाली आले तोवर थोरला मीटिंगहून परतला होता, त्यानं विचारलं, शिवला काय? त्याच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणवेना. म्हटलं, शिवला रे, तुझ्याच पानाला. वाटलं, मन निवेल, भावाकडे जाईल. रात्री धाकट्यानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. दोघांना एकेक वचन देऊन मोकळी झाले, मामंजी. पुढारी व्हायला अक्षर लागत नाही.

आता नाक्यावर तुमचे दोन बोर्ड लागलेत, रस्त्याच्या दोन बाजूंना, तोंडाला तोंड. पोरीनं वाचून दाखवलं, दोन्हीवर एकच आहे: आजोबांचा आशीर्वाद आमच्या पाठीशी. एकात तुमच्या मिशा काळ्या केल्यात. निवडणूक आली आहे, आणि आजोबांनी आपल्यालाच कौल दिला ह्याची दोघांनाही खात्री आहे. आता तर ते गॅलरीत समोर आले तरी मागं फिरतात. जी फट बोटभर होती ती मी हातभर केली.

पोरगी म्हणते, आज्ये, दोघांना बोलावून खरं सांगून टाक. हिला शपथ घातली आहे, हा कागद कुणाच्या हाती जायचा नाही. खरं सांगितलं तर दोघंही खाली मान घालतील, कदाचित एकत्र बसून रडतीलही, आणि मला न्यायची चिंता मिटेल. ते मलाही कळतं. पण म्हाळापासून थोरला कामावर जाताना माझ्या पाया पडून जातो. धाकटा रात्री येऊन पाय चेपतो, लहानपणच्या गोष्टी काढतो. कित्येक वर्षांत दोघं माझ्याशी इतकं गोड बोललेले नाहीत. आज सांगेन, उद्या सांगेन म्हणते, आणि पावलं वाजली की पाय पुढं करून बसते.